‘अल्लाहचं नाव आहे, त्याचे पैसे कसले?’

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्यांना झोंबेल त्यांना झोंबू दे.

माझी एक माजी विद्यार्थिनी आहे, कागलचीच. नाव मुद्दाम देत नाही. दहावीपर्यंत ती माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकली. आज ती कॅनव्हासवर खत्ताती करते. घरांच्या पाट्याही रंगवते. एकच नाव वर नस्तालीकमध्ये आणि खाली देवनागरीत. केलेलं काम इन्स्टाग्रामवर टाकते, ऑर्डर व्हॉट्सअॅपवर घेते, पैसे यूपीआयवर येतात, पार्सल पोस्टानं जातं. दुकान नाही, दलाल नाही, कुणापुढं हात पसरणं नाही. पाट्या घेणाऱ्यांत हिंदू घरंही आहेत, आणि खरं सांगायचं तर किमतीवरून घासाघीस तिथं कमी होते. घासाघीस आपल्यात होते. आता ती म्हणते, “बाजी, बंद करते. एमआयडीसीत पॅकिंगला जाते. तिथं निदान महिन्याला पगार तरी मिळेल.”

पॅकिंगचं काम हलकं नाही, तिथं घाम गाळणाऱ्या बायकांबद्दल मला आदरच आहे. पण हातात असा हुनर असलेली मुलगी तो सोडून निघाली असेल, तर तिला घालवणारे कोण, हे विचारायला नको?

आधी हिशोब मांडू. बारा बाय सोळा इंचांचं एक काम धरा. कॅनव्हास, रंग, सोनेरी वर्ख, वार्निश मिळून ४५० रुपये. फ्रेम ३५०. खोका आणि टपाल १५०. झाले ९५०. ती २,२०० सांगते. उरले १,२५०. आराखडा, अक्षरं, रंग, सुकवणं, पुन्हा हात फिरवणं, असे चौदा तास जातात. म्हणजे तासाला ८९ रुपये. आठ तासांचे ७१२. घराचं काम निघालं की गवंड्याला आपण याहून जास्त मोजतो, वर दोनदा चहा देतो. पण या मुलीला मेसेज जातो, “हजारात दे ना, घरचीच आहेस.” घरची आहे म्हणून दोन पैसे जास्त द्यावेत, हे कुणाला सुचत नाही.

आता ‘अल्लाहचं नाव’ या मुद्द्याकडे येऊ. कुराण छापणारा कागदाचे, शाईचे आणि बांधणीचे पैसे घेतो. मशिदीचा मिंबर घडवणारा सुतार मजुरी घेतो. उरुसात आयतुल कुर्सीची छापील चमकी फ्रेम तीनशेला मिळते, ती आपण गुमान घेतो. तिथं कुणी दुकानदाराला सवाब आठवून देत नाही. मशीननं छापलेल्या नावाला भाव आहे, आणि माणसानं वजू करून, पाठ मोडून लिहिलेलं नाव फुकट हवं? मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि मान डोलावतो. त्यात ‘धार्मिक काम सोडून’ अशी सवलत कुठंही नाही. सवाब कमवायचा तर स्वतःच्या खिशातून कमवा, दुसऱ्याच्या मजुरीतून नको.

दुसरा आक्षेप, “चित्रकला आपल्यात चालत नाही.” सजीवांच्या चित्राबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, ते मी सोडवणार नाही. पण खत्ताती कधी वादात होती? विजापूर इथून फार लांब नाही. एकदा इब्राहिम रोजा बघून या. भिंतींवर, दारांवर, खिडक्यांच्या जाळ्यांत दगडात कोरलेली अक्षरं आहेत. ती कोरणारे कारागीर होते आणि त्यांना कुणीतरी पोसलं होतं. त्याशिवाय ते उभं राहिलंच नसतं.

आणि कोल्हापूरचे आबालाल रहिमान? त्यांच्या घरात कुराणाच्या प्रती हातानं लिहून सजवण्याची परंपरा होती. ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, परत येऊन कोल्हापूरची तळी, झाडं, उन्हं रंगवली. त्यांना आश्रय दिला शाहू महाराजांनी, म्हणजे आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या राजानं. त्याच दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायचे. १९२२ साली महाराज गेले. आबालाल १९३१ पर्यंत जगले. आपली कितीतरी चित्रं त्यांनी स्वतःच कोटीतीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. सभेत आपण ही नावं अभिमानानं घेतो. पण आज आबालाल आपल्या मोहल्ल्यात राहत असते, तर आपण त्यांना “हजारात दे ना” म्हटलंच असतं.

आता राजा नाही. आश्रय द्यायचा तर तो तुम्ही-आम्हीच द्यायचा. दोन हजारांची एक पाटी घेणारी शंभर माणसं, हाच आजचा दरबार. मोबाईलमुळं कागलच्या खोलीत बसलेल्या मुलीला पुण्याचं, सोलापूरचं गिऱ्हाईक मिळू शकतं. सरकारनंही थोडी वाट सोपी केलीय. ऑनलाइन बाजारपेठेवरून माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला आधी उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात विकण्यासाठी ती अट राहिली नाही. कायदा हलला. आपली जीभ मात्र हलत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात लबाड वाटतो. ही मुलगी प्रत्येक कामाखाली लिहिते की ही कल्पना कुठून आली. इब्राहिम रोजाची जाळी, आजीच्या गोधडीचा काठ, कापशी चपलेची वेणी. यावर एकानं लिहिलं, “म्हणजे नक्कलच की, मग एवढे पैसे कसले?” अहो, नक्कल करणारा उगम लपवतो. जो सांगतो तो प्रामाणिक असतो. आपल्याकडे उस्तादाचं नाव घेताना कानाची पाळी धरतात, ती कशासाठी? शिकलेलं कुठून आलं ते सांगणं हा अदब आहे.

खरी चोरी कशी असते तेही सांगते. एका फ्लेक्सवाल्यानं तिच्या दुआचा फोटो उचलला, कोपऱ्यातली सही पुसली आणि लग्नाच्या स्टेजमागं आठ फुटी छापून लावला. हॉलमध्ये लोक त्यापुढं सेल्फी काढत होते. तिनं विचारलं तर उत्तर मिळालं, “नेटवर होतं, नेटवरचं सगळ्यांचं असतं.” नसतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं चित्र काढलं त्या क्षणी हक्क चित्रकाराचा होतो, त्याला नोंदणी लागत नाही, आणि तो चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. काम आपलं आहे हे सांगण्याचा हक्क त्याच कायद्यानं वेगळा दिलाय. आबालालांच्या चित्रांवरचा हक्क आता संपलाय, ती कुणीही छापू शकतो. पण त्यांचं नाव पुसून स्वतःचं लिहिणाऱ्याला आपण काय म्हणू? मग जिवंत मुलीची सही पुसणाऱ्याला वेगळा शब्द का?

शेवटी कातिबांची आठवण करून देते. उर्दूचे अख्बार एकेकाळी हातानं लिहिले जात. १९८०च्या सुमारास नस्तालीक संगणकावर आलं आणि हळूहळू कातिब घरी बसले. चेन्नईचा १९२७ साली सुरू झालेला ‘मुसलमान’ हाती लिहिला जातो म्हणून जगभरचे पत्रकार तो बघायला गेले. आपण अशा गोष्टी फॉरवर्ड करून उसासे टाकतो. पण उसाशानं कुणाची कलम चालत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. घरात, मोहल्ल्यात कुणी हातानं काही घडवत असेल तर सांगितलेली किंमत द्या. परवडत नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. पण भाव पाडू नका. फोटो वापरायचा तर विचारा आणि नाव लिहा. शादीत तीच ती काचेची कपं देण्याऐवजी दोन लिप्यांतली एक पाटी द्या. आणि जमातीच्या जबाबदार मंडळींनो, पुढच्या जलशाचा बॅनर करताना नेटवरून उचलू नका. आपल्या पोरीकडून लिहून घ्या, आणि तिची मजुरी त्याच दिवशी तिच्या हातावर ठेवा.