संसारी माणसाचा वारसा

बँकेच्या नोकरीत वारसांचे अर्ज मी पुष्कळ पाहिले. बाप गेला की ठेवींची वाटणी होते आणि कधी कधी घराचीही. त्यामुळे ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात रक्ताच्या कर्करोगाने बाबा आमटे गेले, तेव्हा मनात आले, हा खरा संसारी माणूस! वरोऱ्याच्या माळावर साधनाताई आणि दोन चिमुरड्या मुलांना घेऊन त्यांनी कुष्ठरुग्णांच्या शेजारी बिऱ्हाड मांडले. सेवेसाठी संसार सोडला नाही, तो वाढवला. डॉ. विकास यांनी आनंदवन सांभाळले, डॉ. प्रकाश १९७३ च्या अखेरीस आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाच्या जंगलात गेले. मुलांसाठी ठेवी आपणही ठेवतो. पण त्यांनी पुढे चालवावे असे काही ठेवतो का?