समजून घ्या : ‘कृत्रिम सूर्या’च्या भिंतीतच इंधन का अडकतं?

फ्रान्सच्या दक्षिणेला कादाराश इथं भारतासह तीसहून अधिक देश मिळून ‘इटर’ ही प्रचंड मोठी फ्युजन अणुभट्टी उभारत आहेत. २०२४ मध्ये या प्रकल्पाचं सुधारित वेळापत्रक जाहीर झालं. त्यात खरं इंधन वापरून होणारे प्रयोग २०३९ वर गेले. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती या उशिराची. पण त्याच आराखड्यात आणखी एक मोठा बदल होता. भट्टीची आतली भिंत आता बेरिलियमऐवजी टंगस्टनची असेल.

टंगस्टनच का?

फ्युजनमध्ये हायड्रोजनची दोन जड रूपं, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, एकत्र येतात आणि ऊर्जा बाहेर पडते. त्यासाठी प्लाझ्मा १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीपासून दूर धरून ठेवतं. तरीही काही कण आणि बरीच उष्णता भिंतीवर आदळतेच. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतो, म्हणजे सगळ्या धातूंमध्ये शेवटी. त्याची झीजही कमी होते. बेरिलियम लवकर झिजतो आणि त्याची धूळ विषारी असते.

इंधनाचं आणखी एक कारण आहे. ब्रिटनमधल्या ‘जेट’ या यंत्राची भिंत पूर्वी कार्बनची होती. १९९७ च्या प्रयोगांमध्ये तिथं सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम सोडण्यात आलं. प्रयोग संपले तेव्हा त्यातलं जवळपास एक तृतीयांश यंत्रातच अडकलेलं होतं. २०११ मध्ये तिथं बेरिलियम आणि टंगस्टनची भिंत बसवल्यावर हे प्रमाण दहा पटींहून जास्त घटलं.

मग अडचण काय?

टंगस्टनच्या अणूंची रचना घट्ट असते. हायड्रोजन त्यात सहजासहजी विरघळत नाही. आत शिरलेला अणू थांबत नाही, सरकत राहतो. गच्च भरलेल्या बसमध्ये माणूस जसा पुढे सरकत राहतो, तसंच हे. पण मध्येच रिकामी जागा दिसली की तो बसतो आणि मग सहज उठत नाही. धातूत जिथं एखादा अणू गायब असतो किंवा दोन स्फटिकांची सीमा असते, तिथं हायड्रोजन असाच अडकतो. एका रिकाम्या जागेत अनेक अणूही मावतात.

आणि फ्युजन स्वतःच अशा जागा वाढवतं. या प्रक्रियेतून १४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांना चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही. ते भिंतीत खोलवर जाऊन टंगस्टनचे अणू जागेवरून उडवतात. म्हणजे भट्टी जितकी जास्त चालेल, तितके इंधनासाठी नवे सापळे तयार होतील.

थोडं इंधन अडकलं तर काय बिघडलं?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली सुरक्षेची. ट्रिटियम किरणोत्सारी आहे. त्याचे किरण त्वचेतून आत जात नाहीत, पण पाण्यावाटे ते शरीरात गेलं तर धोका असतो. म्हणून इटरच्या पात्रात किती ट्रिटियम साठू द्यायचं याला मर्यादा आहे. प्रत्यक्ष कामकाजासाठी ती सुमारे ७०० ग्रॅम धरली जाते.

दुसरी टंचाईची. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ सापडत नाही आणि दर १२.३ वर्षांनी आहे ते निम्मं होतं. जगातला नागरी वापराचा साठा काही दहा किलोंमध्ये मोजण्याइतकाच आहे आणि तो मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमधून येतो. एक गिगावॅट फ्युजन ऊर्जा वर्षभर सलग निर्माण करायची तर ५५ किलोंहून जास्त ट्रिटियम जाळावं लागेल. त्यामुळे भविष्यातल्या वीजकेंद्रांना लिथियमपासून स्वतःचं ट्रिटियम स्वतःच बनवावं लागेल. त्या हिशोबात शिल्लक फारच थोडी राहते. भिंतीनं त्यातला वाटा खाल्ला तर ताळेबंद तुटीत जातो.

अडकलेलं इंधन बाहेर कसं काढतात?

सरळ उपाय म्हणजे भिंत तापवणं. पुरेशी उष्णता मिळाली की अणू सापळ्यातून सुटतो. प्रयोगशाळेतही हेच करतात. नमुना हळूहळू तापवायचा आणि कोणत्या तापमानाला किती वायू सुटतो ते मोजायचं. त्यावरून सापळे किती पक्के आहेत ते कळतं. न्यूट्रॉनसारखी इजा झालेल्या टंगस्टनमधले काही सापळे ५०० अंशांच्या पुढेच मोकळे होतात. इटरमध्ये मात्र भिंत २४० अंशांपर्यंत आणि तळाचा डायव्हर्टर ३५० अंशांपर्यंतच तापवता येईल. दुसरा उपाय अदलाबदलीचा आहे. साध्या ड्युटेरियमचा प्लाझ्मा चालवून ट्रिटियमच्या जागी ड्युटेरियम बसवायचं. यानं पृष्ठभागाजवळचं ट्रिटियम निघतं, खोलवरचं काढणं अवघड जातं.

भारताचा संबंध काय?

भारत २००५ मध्ये इटरमध्ये सामील झाला. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आपल्याकडची जबाबदारी सांभाळते. यंत्राभोवतीचं सुमारे ३,८०० टनांचं पोलादी कवच, क्रायोस्टॅट, भारतानं पुरवलं आहे. त्याचे भाग लार्सन अँड टुब्रोनं गुजरातमधल्या हजिरा इथं बनवले.

पुढे काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये कादाराशमधल्याच ‘वेस्ट’ या टंगस्टनच्या यंत्रानं १,३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांहून जास्त वेळ प्लाझ्मा टिकवला. ही भिंत उष्णता सोसते, हे त्यातून दिसलं. पण वेस्टमध्ये ट्रिटियम वापरत नाहीत आणि तिथं वीजकेंद्रासारखा न्यूट्रॉनचा माराही नसतो. फ्युजनचे पुढचे विक्रम वाचताना त्यामुळे दोन आकडेही पाहायला हवेत : किती इंधन आत गेलं आणि त्यातलं किती परत मिळालं.