प्रत्यक्ष आणि अनुमान

गेल्या वैशाखांत शहापूर तालुक्यांतील एका पाड्यावर देवळापुढील मांडवांत पांढरी चादर ताणून चार लघुपट दाखविण्यांत आले. हल्लीं ज्यांस माहितीपट म्हणतात त्या जातीचे हे पट शहापूर व मुरबाड येथील तरुणांनीं आपल्या मोबाइलवर घेतलेले होते. त्यांतील दोघें एके काळीं आमच्या वर्गांत बसत, म्हणून आम्हांस बोलावणें आलें.

आपल्याकडे चित्रणास आरंभ झाला तो असाच घरच्या माणसांच्या हातून. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ सालचा. पुढें १९४८ सालीं फिल्म्स डिव्हिजन निघाली, आणि मुख्य चित्रपटाआधीं तिचे वार्तापट व अनुबोधपट दाखवूं लागले. त्यांत आम्हीं दूरदूरचीं धरणें पाहिलीं. शेजारचा तानसा मात्र आम्हांस कधीं दिसला नाहीं.

त्या रात्रीं तो दिसला. तानसाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. आज मुंबईस सर्वांत अधिक पाणी पुरविणारें भातसा धरणहि शहापूर तालुक्यांतच आहे. मुरबाडकडील गांवांच्या जमिनी बारवी धरणाखालीं गेल्या. असें असूनहि उन्हाळ्यांत शहापुरांतील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात.

परक्या मनुष्यानें भेगाळलेली जमीन दाखविली असती. आमच्या विद्यार्थिनीनें एक पहांट दाखविली. दहा-अकरा वर्षांची मुलगी अंधारांत हंडा घेऊन उतरते, रांगेंत बसते, दोन खेपा करते. तिसरी खेप डोक्यावर घेऊन चढ चढत असतांना दुरून शाळेची घंटा ऐकूं येते.

ती घंटा आम्हीं अनेक वर्षें वेळेवर वाजविली, आणि उशिरां येणाऱ्या मुलींस दाराबाहेर उभें केलें. हा पट घेणारी मुलगीहि त्यांतलीच. प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण, अनुमान त्याच्या मागून येणारें, हा न्यायशास्त्राचा पाठ आम्हीं लहानपणीं घोकला होता. तरीहि उशीर पाहून आम्हीं आळसाचें अनुमान केलें. अर्ध्या कोसावरील विहीर पाहण्यास कधीं गेलों नाहीं.

खेळ संपतांच एक म्हातारी उठून म्हणाली, "पोरी, इहीर दावलीस, पन रातभर झऱ्याशी बसतों आमी, तें कुठं हाय?" मुलगी क्षणभर गोंधळली, मग तिनें कबूल केलें कीं, तें राहिलें, घेतलें पाहिजे. आमच्या मतें त्या रात्रीचें खरें मोल यांत होतें. ज्यांचें चित्र काढलें तेच समोर परीक्षक म्हणून बसले, आणि काढणारीस त्यांचें ऐकावें लागलें.

निघतांना तिनें पाण्याचा तांब्या पुढें केला. आम्हीं कांहीं बोलावें म्हणून तोंड उघडलें, तोंच ती म्हणाली, "गुरुजी, आधीं पाणी घ्या." आम्ही घोटभरच प्यालों, बाकीचें पाणी सांडूं न देतां परत दिलें.

मुंबई-ठाण्याच्या वाचकांस आमची एकच सूचना आहे. येत्या गणेशोत्सवांत करमणुकीची एक संध्याकाळ अशा पटांस द्यावी. मात्र केवळ पट मागवूं नयेत. ते घेणाऱ्यांस व त्यांत दिसणाऱ्यांसहि सन्मानानें बोलवावें, आणि खेळ संपल्यावर त्यांना बोलूं द्यावें.