विश्लेषण : जुन्या सायकलचे कोळपे बटाट्याला भर लावू शकते का? अनुदानाच्या यादीत ते का बसत नाही?

भंगारात किलोवर जाणारी सायकल, गावातले वेल्डिंगचे दुकान आणि अर्ध्या दिवसाचे काम. सायकल कोळपे तयार व्हायला एवढे पुरते. सातारा-सांगलीत सोयाबीन, भुईमुगातले तण काढायला ते चालते, यात कुणाला नवल वाटत नाही. बटाट्याला मातीची भर लावणे मात्र वेगळे काम आहे. तिथे माती नुसती हलवायची नसते, उचलून झाडाच्या बुंध्याशी टाकायची असते. माणसाच्या जोरावर हे होते का, कोणत्या रानात होते आणि सरकारी मदत या अवजारापर्यंत का पोहोचत नाही, याचा हा आढावा.

बटाट्याला भर का लागते?

बटाटा मुळाला लागत नाही. जमिनीखाली आडव्या वाढणाऱ्या खोडाच्या टोकाला तो धरतो आणि लावलेल्या बेण्याच्या वरच्या बाजूला पोसतो. त्यामुळे पीक वाढते तशी वरची माती कमी पडते आणि बटाटा उघडा पडतो. उजेड लागला की तो हिरवा होतो. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी असतो. पण त्याच उजेडाने सोलानिनसारखी कडवट, विषारी द्रव्येही वाढतात, म्हणून असा माल बाजारात बाजूला काढला जातो. दुसरे संकट पाकोळीचे. बटाट्यावरची पाकोळी उघड्या बटाट्याच्या डोळ्याशी अंडी घालते, अळी आत शिरते आणि मालाबरोबर ती साठवणीतही येते. एकदा आत गेलेल्या अळीवर फवारणीचा उपयोग नाही. त्यामुळे मातीचा थर हाच पहिला बंदोबस्त.

लागवडीनंतर साधारण महिन्याने पहिली भर आणि त्यापुढे १५-२० दिवसांनी दुसरी, असा रिवाज आहे. खटाव, कोरेगाव, माण भागातला शेतकरी बेणे पंजाबातून आणतो आणि लागवडीत सर्वाधिक पैसा त्यातच जातो. भर चुकली तर पहिला फटका त्याच पैशाला.

बैल होते तेव्हा हे काम कसे व्हायचे?

बैलाच्या औताला रिजर लावून. आता गोठ्यात जोडी राहिलेली नाही. २०१९च्या पशुगणनेत देशातील नर गोवंश २०१२च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. सातारा-सांगलीत खिलार बैल दिसतो, पण बऱ्याचदा शर्यतीच्या मैदानात. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीचा कायदा वैध ठरवल्यावर त्याची किंमत वाढली, त्याला कोळप्याला जुंपायला मात्र कुणी तयार नाही. ट्रॅक्टर उभ्या पिकात शिरत नाही. पॉवर वीडर शिरतो, पण त्याची किंमत हजारोंच्या घरात. राज्यातील सरासरी शेतजमीन २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर आणि त्यातला बटाटा अनेकदा दहा-वीस गुंठे. तेवढ्यासाठी यंत्र घेणे परवडत नाही, भाड्याने सांगितले तर वेळेवर येईलच असे नाही. शेवटी खोरे घेऊन वाकायचे उरते, आणि वाकणाऱ्यांत बायकाच जास्त असतात.

सायकलच का?

सायकलचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल एवढेच लागते. पेडल, साखळी, फ्रीव्हील सगळे काढून टाकायचे. चिमट्यापासून मागे पाइप नेऊन त्यावर हँडल बसवायचे आणि चाकाच्या मागे पाते. तणासाठी सपाट फास लागतो. भर लावायची तर मधे टोकदार फाळ आणि दोन्ही बाजूंना माती उलटवणारे पत्र्याचे पंख, म्हणजे रिजरचीच लहान आवृत्ती. चाक मोठे असल्याने ढेकळावरून सहज जाते. लहान चाक ढेकळाला अडते, तिथे निम्मा जोर वाया जातो. शिवाय अवजाराचे वजन चाकावर राहते, हातावर येत नाही.

खरा प्रश्न माणसाच्या ताकदीचा आहे. धडधाकट माणूस तासन् तास टिकेल असा जोर साधारण ७५ वॉट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा भाग, इतका धरतात. सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रेंगाळत चालल्यासारखा वेग धरला तर पुढे ढकलायला सुमारे १५ किलोचा जोर हाताशी राहतो. हलक्या मुरमाड जमिनीत दर चौरस सेंटीमीटर मातीच्या कापाला साधारण ०.३ किलो ओढ लागते असे धरले, तर एका फेरीत ५० चौरस सेंटीमीटर माती हलते. १० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर खोल, बस इतकेच. भारी काळ्या जमिनीत ओढ दुपटीवर जाते आणि काप निम्म्यावर येतो.

म्हणजे खटाव-माणच्या हलक्या रानात दोन फेऱ्यांत बरी भर बसते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात, तेही वाफसा निघून गेल्यावर, हेच अवजार घाम काढते आणि माती जागची हलत नाही. ओलावा जास्त असेल तर पंखांना चिखल चिकटतो, मग दर दहा पावलांवर थांबून खरवडणे आले. सायकल कोळप्याच्या व्हिडिओत रान नेहमी भुसभुशीत असते, ते यासाठीच.

अंतराचाही हिशेब करावा. दोन फुटी सरी धरली तर वीस गुंठ्यांत एका फेरीचे अंतर साधारण ३.३ किलोमीटर भरते. दोन फेऱ्या म्हणजे जवळपास ७ किलोमीटर, आणि तेही पुढे ढकलत, मागे घेत. वळणे आणि विसावा धरून एका माणसाचा पूर्ण दिवस. हळद, आले यांनाही भर लागते, पण तिथे माती जास्त चढवावी लागते. उसाच्या मोठ्या बांधणीला तर हे अवजार नेऊच नये.

ही कल्पना कुणाची?

एकाची म्हणता येणार नाही. चाकावर ढकलायचे हातकोळपे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून विकले जात होते. महाराष्ट्रात सायकलपासून कोळपे बनवणाऱ्यांत जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांचे नाव घेतले जाते. ‘कृषीराजा’ नावाच्या त्यांच्या अवजाराची नोंद राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने घेतली आणि त्यांचा सन्मान केला. बैल किंवा ट्रॅक्टर न परवडणारा शेतकरी त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

सातारा-सांगलीपुरते बोलायचे तर सायकल आणि शेतीचे नाते त्याहून जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, तिथूनच ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, या समजामुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगलीच्या पलूस तालुक्यात आहे, आणि औंध साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, म्हणजे बटाट्याच्याच मुलखात.

मग अनुदान का नाही?

केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. अल्प व अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना त्यात ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत मदत मिळते. मनुष्यचलित अवजारांना योजना बंद नाही. अडचण कागदांची आहे. महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, विक्रेत्याचे कोटेशन, अवजाराचा तपासणी अहवाल आणि जीएसटीचे बिल लागते. गावातल्या वेल्डरकडे यातले काहीच नसते. एकेक कोळपे गिऱ्हाइकाच्या मापाने बनते, त्याचा नमुना तपासणी संस्थेकडे नेणार कोण?

तपासणी नकोच, असे नाही. सार्वजनिक पैशातून घेतलेले अवजार टिकावू आणि सुरक्षित हवे, ही अट रास्त आहे. पण लाखाच्या यंत्राला आणि काही शेकड्यांच्या कोळप्याला एकच चाळणी लावली की कोळपे आपोआप गळते. कृषी विद्यापीठाने एक मोजमापासह आराखडा तपासून खुला करावा आणि त्या आराखड्यानुसार बनवणाऱ्या गावच्या दुकानाला मान्यता द्यावी, हा मार्ग जास्त व्यवहार्य दिसतो.

जुगाडाचे कौतुक आपल्याकडे होते, पण ते वाहनांच्या वाट्याला जास्त येते. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली चारचाकी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. ती गाडी नियमांत बसत नाही, हेही महिंद्रांनी तेव्हाच सांगितले होते. सायकल कोळप्याला रस्त्याचा कोणताही नियम आडवा येत नाही, तरी त्याची दखल घेणारे थोडेच.

बनवून घेताना काय पाहावे?

सायकलचा पाइप पातळ असतो, आर्क वेल्डिंगने त्याला भोक पडते. गॅसवर पितळेचा जोड द्यावा, नाहीतर जोडावर जाड पट्टी लावावी. हँडलवरचा चकचकीत मुलामा जोडाच्या जागी घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करू नये, त्याचा धूर फुप्फुसाला घातक असतो. फाळासाठी गाडीच्या पाट्याचा तुकडा चालतो, साधा पत्रा दोन दिवसांत बोथट होतो. पाते नट-बोल्टवर बसवावे, म्हणजे फास काढून रिजर लावता येतो आणि खोलीही कमी-जास्त करता येते. बाभळीचा काटा असलेल्या रानात ट्यूब काढून टायरमध्ये जुन्या टायरच्या पट्ट्या भराव्यात.

आणि हँडलची उंची. दुकानात कोळपे पाहायला सहसा पुरुष जातो, त्याच्याच कमरेच्या मापाने हँडल जोडले जाते आणि रानात ते बाई चालवते. हात खांद्याकडे उचलून ढकलावे लागले की जोर कमी पडतो. हँडलच्या पाइपला तीन-चार भोके पाडून खालीवर करण्याची सोय ठेवायला वेल्डरला दहा मिनिटे लागतात.