परका मासा ओढ्याला लागू देऊ नका



आज भाताच्या रोपाचा किंवा उसाच्या खताचा सल्ला नाही. आज एक मत सांगायचं आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पुढच्या बैठकीत येऊन खुशाल भांडा.

पाऊस तोंडावर आलाय. शेततळी भरतील आणि मत्स्यबीज विकणाऱ्या गाड्या गावात फिरायला लागतील. परवा एका सभासदाचा फोन आला. "दारात गाडी आलीय. मागूरचं बी देतोय. लवकर वाढतो म्हणतोय, मरत नाही, कोंबडीची घाण टाकली तरी चालते. घेऊ का?" मी म्हटलं, "घेऊ नका." ते म्हणाले, "का?" फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं नाही, म्हणून हा मेसेज.

गाडीवाला ज्याला थाई मागूर म्हणतो, तो मुळात थायलंडचा नाहीच. तो आफ्रिकेतला मासा आहे. तिकडे नायजेरियात लोक घराच्या मागं सिमेंटच्या टाक्या बांधून हाच मासा पाळतात आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. तो तिथल्याच नद्यांतला मासा आहे, तिथं त्याला खाणारेही आहेत. मासा वाईट नाही. जागा चुकली की वाईट होतो.

याचा उलटा धडाही आफ्रिकेतच आहे. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांच्या मधे व्हिक्टोरिया नावाचं अफाट सरोवर आहे. १९५० च्या दशकात तिथं बाहेरून नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा सोडला. सुरुवातीची काही वर्षं काही कळलं नाही. १९८० च्या सुमारास तो एकदम वाढला आणि सरोवरातल्या छोट्या माशांच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. मोठ्या माशाचे तुकडे गोठवून परदेशी जायला लागले. कारखाने उभे राहिले, पैसा आला, हे खोटं नाही. पण छोट्या होडीवर साधं जाळं टाकून घरी कालवणापुरतं आणणाऱ्याचे जुने मासे गेले, ते गेलेच. सोडलेला मासा परत गोळा करता येत नाही, मंडळी. तण असतं तर भांगलून काढलं असतं.

आता आपल्याकडं या. कडवी वारणेला मिळते, कासारी पंचगंगेला, आणि दोन्हींचं पाणी शेवटी कृष्णेला जातं. या पाण्यात आपले मासे आहेत. मरळ आहे, वाम आहे, शिंगाळा आहे. खवलचोर नावाचा एक छोटा मासा आहे, दुसऱ्या माशांची खवलं खातो म्हणून हे नाव. शास्त्रात त्याची पहिली नोंद १९५२ सालची, तीही पंचगंगेतल्या माशावरून. आपलं मराठी नाव त्याच्या शास्त्रीय नावात जसंच्या तसं आहे. कृष्णेच्या खोऱ्याबाहेर तो सापडत नाही. तो इथून गेला तर जगातून गेला.

आणि गंमत बघा, त्याच १९५२ साली आफ्रिकेतला दुसरा एक मासा भारतात आणला गेला. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळं पिल्लं फारशी मरत नाहीत. तळ्यात सोडली की वर्षभरात इतकी पैदास होते की खाद्य पुरत नाही. मग जाळ्यात बोटाएवढे मासे येतात आणि व्यापारी हात लावत नाही. उजनीत आज चिलापीच चिलापी आहे. तिथले मच्छीमार तिच्यावर पोट भरतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण जुने मच्छीमार जुन्या माशांची नावं मोजत बसतात, तेही ऐका.

कोणी म्हणेल, माझं तळं बांधावर, नदी दोन किलोमीटरवर, मासा जाईल कुठं? गजापूर, आंब्याकडच्या पावसात जे तळं सांडलं नाही, असं एक तळं दाखवा. तळं सांडलं की पाणी ओढ्याला, ओढा नदीला. २०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनी बघितलाय. त्यात हा मागूर हवेतला श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत जातो आणि दुसरे मासे खातो. तुमच्या तळ्यातून गेलेला एक जोडा शेजारच्या दहा गावांचा प्रश्न होऊ शकतो.

कायद्याचंही सांगतो. या मागूरच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर आपल्या राज्यातही मत्स्यव्यवसाय विभागानं तळ्यांतला हा मासा नष्ट केला. उद्या तुमचं तळं रिकामं केलं तर गाडीवाल्याला कुठं शोधणार? त्याचा फोन तेव्हा लागत नाही.

मग करायचं काय?

१. कटला, रोहू, मृगळ घ्या. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधे, मृगळ तळाला. तिघांचं भांडण नाही. गुंठ्याला ५० ते १०० बोटुकली पुरे. जास्त सोडली तर वाढ खुंटते.

२. बी मान्यताप्राप्त केंद्रातूनच आणि पावतीनं घ्या. बोटुकलीत देशी मागूर कुठला आणि परका कुठला, हे डोळ्यांनी ओळखणं अवघड आहे. शंका असेल तर कोल्हापूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

३. सांडव्याला आणि मोरीला बारीक जाळी लावा. पाऊस लागल्यावर रोज काडीकचरा काढा, नाहीतर जाळी तुंबून बांध फुटेल.

४. चिलापी पाळायचीच असेल तर आधी परवाना काढा. बादलीभर आणून सोडू नका.

५. आधीच मागूर सोडला असेल तर लपवू नका. ओढ्यात तर अजिबात सोडू नका. कंपनीला कळवा, पाऊस लागायच्या आत तळं उपसायचं बघू.

शेवटचं, आणि हे आपल्या सगळ्यांना लागू आहे. परक्या माशाला बोल लावताना आपण काय करतो तेही बघू. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला ओढ्यानं वर येतात, भाताच्या खाचरात शिरतात. तेव्हाच आपण त्यांना गाठतो. कालवणापुरते धरा, ती आपली पिढ्यांची रीत आहे. पण ओढ्याला आडवं जाळं लावून सगळेच अडवू नका. ब्लीचिंग पावडर आणि विजेचा करंट तर नकोच. त्यात पिल्लूही वाचत नाही, आणि करंटनं माणूसही मरतो.

शेततळं आपलं आहे, त्यात काय पिकवायचं ते आपण ठरवू. ओढा मात्र सगळ्यांचा आहे. आपल्या नातवानं ओढ्यात हात घातला तर त्याला मरळ सापडावी, एवढंच माझं म्हणणं.

मेसेज शेजाऱ्यालाही वाचून दाखवा. तळं त्याचंही सांडतं.