युद्धे आपली, कागद परक्यांचे

प्रादेशिक व आंतरराष्ट्रीय सुरक्षेचे पदव्युत्तर शिक्षण भारताला नवे नाही. दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये १९५५ साली सुरू झालेली इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. २०२० साली तर संसदेने कायदा करून गुजरातेत राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ स्थापन केले. अशा अभ्यासक्रमांत अधूनमधून व्याख्यान देण्याचा योग मला निवृत्तीनंतर येतो. विद्यार्थी हुशार असतात, पाश्चात्त्य सिद्धांत त्यांना मुखोद्गत असतात. मात्र १९६२ वर लिहिणाऱ्याच्या तळटीपा पाहाव्यात, तर तेथे लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश अभिलेखागार आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याने छापलेले दस्तऐवजांचे खंड यांचीच गर्दी असते.

याचा परिणाम निष्कर्षांवर होतो. नेहरूंनी अमेरिकी राजदूत गॅलब्रेथ यांना काय सांगितले, हे त्या राजदूताच्या तारांवरून कळते. हवाई मदत मागणारी १९ नोव्हेंबर १९६२ ची पत्रे अभ्यासकांपुढे आली तीही केनेडी ग्रंथालयातून. आपल्या सेना मुख्यालयाने संरक्षण मंत्रालयाला त्या आठवड्यात काय कळवले, याचा कागद मात्र विद्यार्थ्याच्या हाती पडत नाही. मग उरतात ती सेनानींची आणि सनदी अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे. त्यांत प्रत्येक जण निर्दोष असतो!

हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्यावर संसदेत निवेदन केले, अहवाल गोपनीय राहिला. त्यातील मजकुराला आजही लष्करी कारवाईच्या दृष्टीने मूल्य आहे, असे ए. के. अँटनी यांनी २०१० साली संसदेत सांगितले. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा बराच भाग महाजालावर टाकला, तरी सरकारी दफ्तरी तो गुप्तच. सीमाप्रश्न मिटलेला नाही, हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. नकाशे, तैनाती, गुप्तवार्तेचे स्रोत यांची पाने झाकावीत. संपूर्ण अहवाल झाकण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे. पंचवीस वर्षांहून जुनी कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावीत, अशी त्याच्या नियमांची अपेक्षा. पण १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे अभिलेख आपल्याकडे नाहीत, असे अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच डिसेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले. स्वातंत्र्यापासून त्या वर्षाच्या आरंभापर्यंत संरक्षण मंत्रालयाकडून आलेल्या फाइली होत्या अवघ्या ४७६. त्या वर्षी मात्र १९६० पर्यंतच्या सुमारे २०,००० फाइली आल्या.

यामागे कोणता कट नाही. मी ज्या व्यवस्थेत आयुष्य काढले तिचा हिशेब साधा आहे. फाइल बंद ठेवल्याबद्दल कोणावर ठपका येत नाही. ती खुली करण्यासाठी कोणाला तरी नावानिशी सही करावी लागते. शिवाय खुली करण्यापूर्वी ती वाचावी लागते, आणि चालू कामाच्या डोंगराखाली चाळीस वर्षांपूर्वीचे टिपण वाचायला उपसचिवाला सवड नसते. हे काम इतिहास जाणणाऱ्या स्वतंत्र पथकाकडेच हवे. निवृत्त अधिकारी आणि विद्यापीठांतील संशोधक यांची सांगड त्यासाठी घालता येईल. खर्चही फार नाही.

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये नवे धोरण आणले. कारवाई संपल्यापासून पाच वर्षांत युद्धेतिहास संकलित व्हावा, सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांत अभिलेख खुले व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. जुन्या युद्धांचा निर्णय प्रकरणपरत्वे होणार आहे. त्या ‘सर्वसाधारणपणे’ शब्दात पुष्कळ काही मावते, हे मसुदे लिहिणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

के. सुब्रह्मण्यम यांच्या कारगिल आढावा समितीने १९६५ व १९७१ च्या युद्धांचे अधिकृत इतिहास प्रकाशित करण्याची शिफारस केली होती. गंमत अशी की, त्या समितीच्या स्वतःच्या अहवालातील काही भाग वगळूनच तो प्रसिद्ध झाला. कारगिलला २०२४ मध्ये पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्या फाइली पाहण्यासाठी उद्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने रीतसर अर्ज केला, तर तो कोणत्या टेबलावर जाईल, एवढे तरी मंत्रालयाने जाहीर करावे.