काळ्या रंगाचे वावडे

वाचकहो, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरची ती बाई आपल्या चांगलीच ओळखीची आहे: हाती निरांजन, अंगावर पैठणी आणि वर्ण केवड्याचा. वर्षानुवर्षे ही बाई उन्हात म्हणून गेलेली नाही! माझे भांडण तिच्याशी नाही, आपल्या आवडीशी आहे. ज्या महाराष्ट्राने काळ्या विठ्ठलाला माउली म्हटले, त्याला सून गोरी लागते. आणि कुणाला हिणवायचे झाले तर आपण 'हबशी' म्हणतो.

निदान नगर जिल्ह्यात तरी हा शब्द शिवी म्हणून कुणी उच्चारू नये. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. इतिहास काही बदललेला नाही. मलिक अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. त्याचे मूळ नाव चापू. बाजारोबाजार विकला जात तो निजामशाहीत आला आणि त्याला विकत घेणारा पेशवा चंगीझखान हाही हबशीच होता. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, तेव्हा राज्य बुडाले असेच सर्वांना वाटले. अंबराने दुसऱ्या मूर्तजाला गादीवर बसवले आणि १६२६ साली मरेपर्यंत ते राज्य तगवले. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना त्याने धूळ चारली. त्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले.

आता त्याची चित्रे पाहा. १६१६ च्या सुमारास अबुल हसन याने जहांगीरासाठी एक चित्र काढले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे, आणि त्या मुंडक्यावर घुबड! प्रत्यक्षात ते मुंडके बादशहाला कधीच मिळाले नाही; अंबर म्हातारा होऊन मेला. जे तलवारीला साधले नाही, ते कुंचल्याकडून करून घेतले.

पण मोगल दरबारच्याच हाशिम नावाच्या चित्रकाराने काढलेले दुसरे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढरा जामा ल्यालेला, एका बाजूने दिसणारा धिप्पाड वृद्ध. वर्ण काळा, आणि तो उजळ करण्याची चित्रकाराला गरज भासलेली नाही. शत्रूच्या पदरचा माणूस, पण डोळ्यांशी प्रामाणिक राहिला.

एकाने द्वेषाने रंगवले, दुसऱ्याने आदराने. आपण? आपण रंगवलेच नाही. नगरातल्या कितीतरी दिवाणखान्यांत मी बसलो आहे. भिंतीवर अंबर मला एकदाही भेटला नाही. तिन्हींत हा अपमान मला मोठा वाटतो.

कुणी म्हणेल, पराक्रमाला रंग नसतो, मग रंगाचा एवढा घोष कशाला? नसतो ना? मग आपल्या कॅलेंडरांतला प्रत्येक पराक्रमी पुरुष गोराच कसा? कुणी म्हणेल, चित्राने काय होते? न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेल्या जेकब लॉरेन्स या काळ्या चित्रकाराला विशीच्या उंबरठ्यावर याचे उत्तर ठाऊक होते. गुलामगिरीतून सेनापतिपदाला पोचलेल्या हैतीच्या तूसां लूव्हेर्त्यूरवर त्याने १९३८ पर्यंत एकेचाळीस चित्रे पुरी केली. आपल्या लोकांना आपला पूर्वज दिसावा, म्हणून. आपला सेनापती तर इथेच, आपल्या अंगणात लढला!

घरातली सावळी पोर आरशात पाहून हिरमुसते, तेव्हा आपण तिच्या हाती पिठाचे उटणे देतो. तिला अंबराचे चित्र दाखवणे अधिक गुणकारी ठरेल, असे मी म्हणतो. यंदा मुले अंगणात मातीचा किल्ला करतील, मावळे मांडतील. पायथ्याशी भातवडीचे रण करा, शहाजीराजांची मूर्ती ठेवा आणि त्यांच्या शेजारी अंबर उभा करा. त्याचा चेहरा रंगवताना काळा रंग मात्र जसाच्या तसा लावा. त्यात पांढरा मिसळू नका.